अनोळखी कोर्सवरची पहिली राउंड

टॉम वॉटसन १९७५ साली पहिल्यांदा ब्रिटिश ओपन खेळायला स्कॉटलंडला आला, तेव्हा स्पर्धेचा कार्नूस्टीचा कोर्स त्या दिवशी सरावाला मिळेना. मग तो शेजारच्या मोनिफीथला गेला. पहिल्याच टीवरून त्यानं चेंडू फेअरवेच्या मधोमध सरळ मारला. पुढे जाऊन बघतो तर चेंडू गायब. शोधाशोध केल्यावर तो एका खोल, अरुंद बंकरमध्ये सापडला. हा बंकर टीवरून दिसलाच नव्हता. वॉटसनला हा प्रकार मुळीच आवडला नाही. त्याच आठवड्यात तो कार्नूस्टीला ओपन जिंकला, नंतर आणखी चार वेळा जिंकला, तरी समुद्रकाठच्या या उघड्याबोडक्या लिंक्स कोर्सेसशी त्याचं मन जुळायला पुढे काही वर्षं जावी लागली.

आपण नेहमी खेळतो तो कोर्स सोडून दुसरीकडे पहिल्यांदा खेळणाऱ्या प्रत्येक गोल्फरच्या मनात ही तक्रार कुठेतरी असतेच: मी चेंडू चांगला मारला, मग फळ वाईट का मिळालं? क्रिकेटची खेळपट्टी कुठेही बावीस यार्डांचीच असते, टेनिसचं कोर्ट जगभर एका मापाचं. गोल्फ कोर्सच्या बाबतीत नियमानं बांधलेलं माप जवळजवळ एकच, होलचा १०८ मिलिमीटर व्यास. बाकी लांबी, चढउतार, वारा, गवत, पाणी, झाडं हे सगळं त्या त्या जागेचं. म्हणूनच गोल्फर नवनवे कोर्स शोधत हिंडतात, आणि म्हणूनच नव्या कोर्सकडून त्यांना नेमकं काय हवं असतं हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. हिरवीगार ग्रीन्स, देखावा, अवघडपणा, आदरातिथ्य, चांगला कॅडी, राउंड रखडू नये ही अपेक्षा, अशी यादी कोणीही देईल. मला या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. पाहुण्या खेळाडूला आपल्या बुद्धीनं निर्णय घेता आले पाहिजेत, आणि तो निर्णय बरोबर होता की चूक, हे त्याला त्याच होलवर कळलं पाहिजे.

कोर्सेसना गुण देण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकेतल्या गोल्फ डायजेस्ट मासिकानं १९६६ मध्ये पहिली यादी काढली ती चक्क देशातल्या सर्वांत कठीण दोनशे कोर्सेसची होती. त्या काळी कठीण म्हणजेच थोर असं समीकरण होतं. पुढे निकष वाढले: रचनेतलं वैविध्य, लक्षात राहण्याजोगेपणा, सौंदर्य, देखभाल. अनेक वर्षं त्यात सर्वांत जास्त वजन ‘शॉट व्हॅल्यूज’ला होतं. प्रत्येक फटक्यात धोका किती, त्याचा मोबदला किती, लांब मारण्याची, अचूकतेची आणि नजाकतीची कसोटी कितपत लागते, हे त्यातून पाहिलं जाई. हे वजन मला योग्य वाटतं. गोची इतकीच की परीक्षक बहुतेकदा उत्तम खेळणारे असतात, आणि सुट्टीत एका दिवसासाठी आलेला अठरा हँडिकॅपचा माणूस तोच फटका अगदी वेगळ्या जागेवरून मारत असतो.

सामान्य खेळाडूला विचारलं तर तो आधी ग्रीन्सचं नाव घेतो, आणि त्यात गैर काही नाही. पार ७२ च्या हिशेबात दर होलला दोन याप्रमाणे छत्तीस पट धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ ग्रीनवर. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी खेळाडूनं १९३५ ची यूएस ओपन ओकमाँटला पाहिली आणि तिथली ग्रीन्स अतिवेगवान आहेत हे सिद्ध करायला खाच असलेली एक पट्टी तयार केली. पट्टीवरून चेंडू घरंगळू द्यायचा आणि तो किती फूट जातो ते मोजायचं. १९७८ पासून अमेरिकी गोल्फ संघटनेनं हे स्टिम्पमीटर क्लबांना पुरवायला सुरुवात केली. हेतू होता एकाच कोर्सवरची सगळी ग्रीन्स एकसारखी ठेवण्याचा. क्लब मात्र वेगाची शर्यत लावून बसले. पाहुण्याच्या बाजूनं बघितलं तर वेग ही दुय्यम बाब आहे. क्लबहाऊसजवळच्या सरावाच्या ग्रीनवर त्यानं दहा मिनिटं पट मारले, तर तोच वेग पहिल्या, नवव्या आणि अठराव्या ग्रीनवर मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. सरावाचं ग्रीन मऊ आणि कोर्सवरची कडक असतील, तर पहिल्या चार-पाच होल्सवर त्याचा हिशेब चुकतच राहतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

आपल्याकडे त्यात गवताच्या कलाची भर पडते. उष्ण हवेत वाढणारं बर्म्युडा गवत एका दिशेला लोळतं. कलाच्या दिशेनं पाहिलं तर ते चकाकतं, उलट बाजूनं गडद दिसतं. चकाकत्या बाजूनं मारलेला पट पळतो, गडद बाजूनं मारलेला अडखळतो. होलची कड नीट पाहिली तर एका बाजूचं गवत झिजून फाटलेलं दिसतं, कल त्या बाजूला असतो. थंड हवेच्या देशातून आलेला चांगला खेळाडूही इथे फसतो, कारण उतार वाचायला त्याला येतं, गवत वाचायला येत नाही. आणि पाण्याची टंचाई असलेल्या काही भारतीय कोर्सेसवर, विशेषतः लष्करी छावण्यांत, ग्रीन्सऐवजी तेल मिसळलेल्या वाळूची ‘ब्राउन्स’ असत. तिथे ना कल, ना स्टिम्पमीटर, पण दर वेळी सारखाच वेग. त्यावर मनापासून रमलेले लोक होते.

देखभालीबद्दलचा एक गैरसमज दूर व्हायला हवा. हिरवं म्हणजे चांगलं, हे समीकरण बहुतांशी टेलिव्हिजनवरच्या ऑगस्टा या अमेरिकी कोर्सच्या चित्रांमुळे रुजलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट नंबर टू या डोनाल्ड रॉसनं रचलेल्या कोर्सवरचं दाट रफ बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी काढून टाकलं आणि तिथली मूळची वाळू आणि रानगवत परत आणलं. २०१४ साली तिथे लागोपाठच्या आठवड्यांत पुरुषांची आणि स्त्रियांची यूएस ओपन झाली, तेव्हा तपकिरी फेअरवे पाहून पुष्कळ प्रेक्षकांनी नाकं मुरडली. खेळणाऱ्याला मात्र त्या कोरड्या जमिनीनं एक पर्याय परत दिला, चेंडू जमिनीवरून धावत ग्रीनवर नेण्याचा. पुण्यातल्या कोणत्याही कोर्सवर मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये खेळून पाहा. पावसाळ्यात चेंडू पडेल तिथे रुततो आणि विचार फक्त हवेतल्या अंतराचा उरतो. उन्हाळ्यात तोच फेअरवे तीस-चाळीस यार्ड जास्त देतो आणि नको तिथेही नेऊन सोडतो. पाहुण्यानं कोर्सबद्दल मत बनवताना महिना कोणता होता तेही सांगावं.

अवघडपणाचा हिशेब आता आकड्यांत मिळतो. प्रत्येक टीचं कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग कार्डावर छापलेलं असतं. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा मानक आकडा. कोर्स रेटिंग आणि पार सारखंच धरलं, तर १८ हँडिकॅप इंडेक्सच्या खेळाडूला १३५ स्लोपच्या टीवरून २२ फटक्यांची सवलत मिळते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीमुळे पुण्याचा आकडा स्कॉटलंडमध्येही चालतो, ही मोठी सोय झाली. पण घरचा खेळाडू आणि पाहुणा, दोघांना सवलत सारखीच मिळते. पहिल्यांदा येणाऱ्याचं अज्ञान कुठल्याच सूत्रात बसत नाही. न्यू जर्सीच्या पाइन व्हॅलीला तर पहिल्याच फेरीत कोणी पाहुणा ऐंशीच्या आत येणार नाही अशी पैज सदस्य लावत. १९५४ मध्ये तरुण आर्नोल्ड पामरनं तिथे ६८ मारून पैज जिंकली आणि त्या पैशातून साखरपुड्याची अंगठी घेतली, असं सांगतात. पामरची गोष्ट वेगळी. तुम्हीआम्ही अनोळखी कोर्सवर नेहमीपेक्षा एक टी पुढून खेळावं. तिथून बंकर आणि पाणी आपल्या टप्प्यात येतं आणि रचनाकारानं मांडलेला पेच आपल्यालाही विचारला जातो. मागच्या टीवरून तो पेच आपल्यापर्यंत पोचतच नाही, फक्त दमछाक होते.

सगळ्यांत जुना वाद आहे तो दिसण्या-न-दिसण्याचा. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हे पेशानं डॉक्टर. कोर्सच्या रचनेवरच्या १९२० च्या पुस्तकात त्यांनी आदर्श कोर्सची तेरा तत्त्वं मांडली. ग्रीनकडे मारायचे फटके शक्यतो आंधळे नसावेत, कमी ताकदीच्या खेळाडूला एखादा फटका गमावून का होईना दुसरी वाट खुली असावी, चेंडू शोधत बसण्याचा वैताग नसावा, आणि माणसानं घडवलेले भाग इतके स्वाभाविक दिसावेत की परक्याला ते निसर्गापासून वेगळे ओळखू येऊ नयेत. शंभर वर्षांपूर्वीची ही तत्त्वं वाचताना जाणवतं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर पाहुणा खेळाडू सतत उभा होता.

आणि तरी आयर्लंडमधल्या लहिंचचं पाचवं होल घ्या. नाव ‘डेल’. पार तीनचं छोटं होल, पण ग्रीन दोन वाळूच्या टेकड्यांच्या मधल्या घळीत, टीवरून पूर्णपणे दडलेलं. समोरच्या टेकडीवर एक पांढरा दगड ठेवलेला असतो आणि रोज पिन हलली की दगडही हलतो. दगडावर नेम धरायचा, मारायचं आणि चढून बघायचं. हे होल ओल्ड टॉम मॉरिसच्या काळचं. १९२०च्या दशकात खुद्द मॅकेन्झींनी या कोर्सची फेररचना केली, तरी डेल तसंच राहिलं. प्रेस्टविकला, जिथे १८६० मध्ये पहिली ओपन झाली, टेकडीपलीकडे मारलेल्या फटक्यानंतर पुढचे लोक हलले की घंटा वाजवायची पद्धत आहे. असे फटके पाहुण्यांना का आवडतात? कारण इथे कोर्स फसवत नाही. समोर टेकडी आहे, पलीकडचं दिसणार नाही, खूण ही आहे, असं तो उघड सांगतो. मोनिफीथच्या बंकरानं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या मते खरी सीमारेषा ही आहे. झाकलेलं चालतं, पण काही झाकलंय हे तरी कळायला हवं.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स या सीमारेषेवरच उभा आहे. सात ग्रीन्स दोन-दोन होल्सची मिळून, जाण्यायेण्याचे फेअरवे कित्येक ठिकाणी एकच, आणि शंभराहून जास्त बंकर. पूर्वी हा कोर्स उलट दिशेनंही खेळला जाई, त्यामुळे आज कित्येक बंकर टीवरून दिसत नाहीत. बाराव्या टीवर उभं राहिलं तर समोर निवांत, मोकळा फेअरवे दिसतो. ग्रीनवर पोचून मागे वळलं की त्याच फेअरवेच्या मध्यात बंकरांची रांग उघडी पडते. सॅम स्नीडनं १९४६ मध्ये आगगाडीच्या खिडकीतून हा कोर्स पाहिला तेव्हा त्याला ते ओसाड पडलेलं जुनं मैदान वाटलं, आणि त्याच आठवड्यात त्यानं तिथे ओपन जिंकली. बॉबी जोन्स १९२१ साली इथेच तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि रागानं स्पर्धा सोडून गेला. १९२७ ची ओपन आणि १९३० ची अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा त्यानं तिथेच जिंकली. १९५८ मध्ये गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं, बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिलाच अमेरिकन. पहिल्या भेटीत राग यावा आणि पुढे जन्मभराचं प्रेम जडावं अशी ताकद फार थोड्या कोर्सेसमध्ये असते. पण जोन्सला पुन्हा येण्याची संधी होती. हजारो मैल प्रवास करून एकदाच येणाऱ्याला ती नसते, त्यामुळे त्याची पहिली फेरी वाया जाऊ नये यासाठी कोणीतरी मध्यस्थ लागतो.

बेन होगन १९५३ मध्ये आयुष्यात एकदाच ओपन खेळला, कार्नूस्टीला. तो आधीच दाखल झाला, वेगवेगळ्या दिशांच्या वाऱ्यात सराव केला, आणि संध्याकाळी कोर्स उलटा, ग्रीनकडून टीकडे, चालत गेला. ग्रीनवरून मागे पाहिलं की कुठून आत यायचं ते कळतं, आणि त्यावरून टीवरून कुठे मारायचं ते ठरतं. चारही फेऱ्यांत त्याचा स्कोअर उतरत गेला: ७३, ७१, ७०, ६८. होगनएवढा वेळ आपल्याजवळ नसतो. आपल्याजवळ असतो कॅडी.

परदेशी कोर्सेसवर कॅडी ही महागडी चैन झाली आहे. भारतात तो अजून खेळाचा भाग आहे, आणि पाहुण्याच्या दृष्टीनं हे आपल्या कोर्सेसचं सर्वांत मोठं धन आहे असं मला ठामपणे वाटतं. जुन्या क्लबांत दोघे असत: बॅग उचलणारा कॅडी आणि पुढे जाऊन चेंडूवर नजर ठेवणारा आगेवाला. चांगला कॅडी पहिल्या दोन होल्सवर फारसं बोलत नाही. तुमचा चेंडू किती लांब जातो, उजवीकडे वळतो की डावीकडे, बंकर दिसला की तुम्ही घाबरता का, हे तो पाहून घेतो. तिसऱ्या होलवर तुम्ही सात नंबरला हात घातला की म्हणतो, “साहेब, दिसतंय तेवढं जवळ नाही. वर हवा आहे. सहा घ्या.” त्यात तीन गोष्टी असतात: जमिनीचा चढ, झाडांच्या आडोशामुळे टीवर न जाणवणारा वारा, आणि तुमची स्वतःची ताकद. पहिल्या दोन यंत्रालाही सांगता येतील. तिसरी त्यानं तुम्हाला पाहून शिकलेली असते. ग्रीनवर तो बोट ठेवून जागा दाखवतो आणि बाजूला होतो. निर्णय तुमचाच राहतो. दर फटक्याला हुकूम सोडणारा कॅडी मला चांगला वाटत नाही, कारण मग राउंड त्याची होते.

दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स पाहिला की या ज्ञानाची किंमत कळते. जुन्या कबरींच्या मधून गेलेले चिंचोळे फेअरवे आणि दोन्ही बाजूंना चेंडू गिळून टाकणारी काटेरी झुडपं. लांब मारणारे व्यावसायिकही तिथे बहुतेक होल्सवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. याच कोर्सवर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला.

अंतराच्या बाबतीत परिस्थिती पार बदलली आहे. १९६१ च्या यूएस अ‍ॅमॅच्युअरच्या वेळी पेबल बीचला डीन बीमननं जॅक निक्लॉसला पावलं टाकून अंतरं मोजून ठेवायला सुचवलं. तोवर बहुतेक लोक नजरेच्या अंदाजानं मारत. मग छापील यार्डेज बुकं आली, नंतर लेझर, आणि २०१९ च्या नियमांनुसार अंतर मोजणारी साधनं वापरायला सर्वसाधारण परवानगीच मिळाली. नियम आणखी एका बाबतीत पाहुण्याच्या बाजूचे आहेत. होल कुठे आहे, बंकर कुठे आहे, इथून तिथवर अंतर किती, हे कोणालाही विचारता येतं. ‘तू कुठला क्लब मारलास’ हे मात्र प्रतिस्पर्ध्याला विचारता येत नाही. म्हणजे माहिती सगळ्यांची, निर्णय ज्याचा त्याचा. मला ही विभागणी फार नेमकी वाटते. पण आता कोर्सची अठराही होल्स ड्रोननं टिपलेली आधीच पाहून येण्याची सवय वाढते आहे, आणि ती मला पटत नाही. अंतरं, पाण्याच्या जागा, हद्दीबाहेरचा भाग, एवढं जाणून घ्यावं. एखाद्या वळणानंतर ग्रीन समोर येण्याचा आनंद एकदाच मिळतो, तो आदल्या रात्री फोनवर खर्चून टाकू नये.

राउंडचा वेग आणि हरवलेले चेंडू यांवर थोडक्यात. चेंडू शोधायची मुदत २०१९ मध्ये पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली, ते बरंच झालं. पाहुण्याचे चेंडू जास्त हरवतात आणि मागच्या गटाचा दबाव त्याला जास्त जाणवतो. फेअरवेला लागूनच गुडघाभर गवत वाढवणारे क्लब ते कोर्स कठीण व्हावा म्हणून करतात. त्यानं विचाराला काही खाद्य मिळत नाही, फक्त वेळ जातो.

आदरातिथ्याचं तसं नाही, त्यात धोरणाचा प्रश्न आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधले बहुतेक नावाजलेले खाजगी क्लब ठरावीक दिवशी फी घेऊन परक्यालाही खेळू देतात. अमेरिकेत नामांकित खाजगी क्लबांची दारं बंद, पण सार्वजनिक कोर्सेस भरपूर. तिकडे नोकरीला गेलेल्या कितीतरी मराठी तरुणांनी आयुष्यातला पहिला चेंडू अशा म्युनिसिपल कोर्सवरच मारला आहे. न्यूयॉर्कजवळचा बेथपेज ब्लॅक हा सरकारी उद्यानातला कोर्स. २००२ ची यूएस ओपन तिथे झाली. पहिल्या टीजवळ पाटी आहे की हा अत्यंत कठीण कोर्स आहे, फक्त निष्णातांनी खेळावं. त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढून घेणारे बहुतेक जण निष्णात नसतात, आणि तरीही रात्रभर गाडीत रांग लावून आलेले असतात. भारतात कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. म्हणजे परंपरा आपल्याकडे दोनशे वर्षांची होत आली, पण चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी असो, हाजीअलीजवळचा विलिंग्डन असो की येरवड्याचा पूना क्लब, सदस्याची ओळख नसेल तर पाहुण्याला सहज शिरकाव नाही. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला, तेव्हा हा खेळ पहिल्यांदाच नीट पाहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना आपल्या शहरातला कोर्स आतून पाहायला मिळणं अवघडच होतं.

देखाव्याबद्दल मी मुद्दाम कमी लिहिलं. डोंगर आणि समुद्र कोणाला आवडत नाही? गुलमर्गला अडीच हजार मीटरांहून उंचावर विरळ हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे तिथला डोंगर नुसता पाहायला उरत नाही, तो तुमच्या क्लबच्या निवडीत शिरतो. देखावा असा खेळात उतरला तर त्याचं मोल. नुसता पाठीमागे लावलेला असेल तर तो अठराव्या होलपर्यंत पुरत नाही.

आपल्या क्लबांनी पाहुण्यासाठी दोन गोष्टी केल्या तरी खूप होईल. आठवड्यातला एक दिवस ओळखीशिवाय, फी भरून खेळायला मोकळा ठेवावा, आणि त्या दिवशी सोबत कॅडी द्यावा. दुसरी गोष्ट जास्त निकडीची आहे. गोल्फच्या गाड्या आणि अंतर सांगणारी घड्याळं आली तसे कॅडी कमी होत चालले, आणि जे आहेत त्यांची मुलं या कामात येऊ इच्छित नाहीत, कारण बारमाही पगार नाही, पावसाळ्यात काम नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. वीस-तीस वर्षं एकाच कोर्सवर चाललेल्या माणसाला तिथलं प्रत्येक ग्रीन कुठल्या महिन्यात कसं वागतं हे माहीत असतं, आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. त्याला ठरलेला पगार आणि आरोग्य विमा द्यावा आणि नव्या मुलांना शिकवण्याचं काम रीतसर मोबदल्यासह सोपवावं. ग्रीन्सवरच्या गवताला लागणाऱ्या पाण्या-खतापुढे हा खर्च फार नाही.